मल्टिफोकल लेन्स जमत नाहीत? कंपनी बदलण्याआधी ॲड बदला

प्रश्न थोडक्यात असा. वय 47. चष्म्याचा नंबर उजवा −3.25, डावा −4.25 आणि त्यावर −0.50 सिलिंडर (तिरका नंबर). जवळची ॲड, म्हणजे वाचण्यासाठी लांबच्या नंबरावर चढवायची ताकद, +1.50. वीस वर्षं साध्या कॉन्टॅक्ट लेन्स बिनतक्रार वापरल्या. आता मोबाइल लांब धरावा लागतो म्हणून लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या मल्टिफोकल घेतल्या. डब्यांवर उजवा −3.25, डावा −4.50 आणि दोन्हींवर ‘हाय’ ॲड. चार दिवस झाले; लांबचं धूसर, अक्षरांना सावली, रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांभोवती वलयं. आणि एवढं करून मोबाइलही नुसत्या डोळ्यांनी दिसतो तसा दिसत नाहीच. काम दिवसभर संगणकावर, शिवाय आठवड्यातून दोन-तीनदा रात्री गाडी चालवावी लागते. आता कंपनी बदलावी, की या लेन्स आपल्या डोळ्यांना चालतच नाहीत असं समजून नाद सोडावा?

इतक्यात दोन्ही नको. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून माझा पहिला संशय त्या ‘हाय’वर आहे. प्रत्येक कंपनीची विभागणी वेगळी असते. काहींच्या लेन्स लो आणि हाय अशा दोनच पायऱ्यांत येतात, काहींच्या लो, मीडियम, हाय अशा तीन. पण +1.50 ची ॲड सहसा दोन पायऱ्यांच्या मांडणीत लोमध्ये आणि तीनच्या मांडणीत मीडियममध्ये बसते. हाय तुमच्यासाठी नाही. ‘वाचायला त्रास होतोय ना, मग जवळची ताकद जास्तच असू दे’ हा विचार सरळ वाटतो आणि नेमका तोच घात करतो.

त्याचं कारण लेन्सच्या रचनेत आहे. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात मान सरळ असली की नजर लांबच्या भागातून जाते, खाली वळवली की जवळच्या. कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्याबरोबरच फिरते, त्यामुळे तिथे ही सोय नाही. म्हणून मऊ मल्टिफोकल लेन्समध्ये लांबचा आणि जवळचा, दोन्ही नंबर बाहुलीसमोर एकाच वेळी ठेवलेले असतात. बऱ्याच लेन्समध्ये मधोमध जवळचा असतो आणि कडेकडे जाताना तो हळूहळू लांबचा होतो; काहींत बरोबर उलट. लांबची आणि जवळची अशा दोन्ही प्रतिमा डोळ्यातल्या पडद्यावर (रेटिनावर) एकावर एक पडतात आणि मेंदू हवी ती उचलतो. जाळीच्या खिडकीतून समोरचं झाड पाहताना जाळी जाणवेनाशी होते, तसं. मात्र जाळी जाड असली की तिच्याकडे दुर्लक्ष करणं कठीण जातं, आणि ॲड वाढवणं म्हणजे जाळी जाड करणं. दोन प्रतिमांमधला फरक वाढतो, काळ्या अक्षराचा काळेपणा उतरतो, दिव्यांना वलयं येतात. तुमच्या तक्रारींची यादी आणि ही यादी जवळपास एकच आहे.

तुम्हाला मुळात किती मदत लागते तेही पाहू. 40 सेंटिमीटरवरचं वाचायला डोळ्याला अडीच डायॉप्टर (नंबर मोजायचं एकक) ताकद लावावी लागते. डोळ्यातलं नैसर्गिक भिंग लहानपणापासूनच हळूहळू ताठर होत जातं आणि 47 व्या वर्षी साधारण तीन-चार डायॉप्टर शिल्लक असते. ती सगळी लावून वाचता येतं, पण पाच मिनिटंच. तासन्तास वाचायचं तर निम्मी ताकद राखून ठेवावी लागते. म्हणजे दीड-दोन डायॉप्टर तुमची स्वतःची, उरलेली लेन्सने द्यायची. संगणकाचा पडदा 60 ते 70 सेंटिमीटरवर असतो, तिथे लागतेच जेमतेम दीड, त्यामुळे तुमच्या कामाचा मोठा भाग तर फारच थोड्या मदतीत भागतो. मोबाइल लोक 30-35 सेंटिमीटरवर धरतात, तिथे गरज तीनच्या घरात जाते. चाळिशी सगळ्यात आधी मोबाइलवर जाणवते ती म्हणूनच.

आता ‘नुसत्या डोळ्यांनी दिसतो तसा’ हे तुमचे शब्द. मायनस नंबरवाल्यांच्या बाबतीत ही तुलना सगळ्यात घातक. −3.25 चा डोळा चष्म्याशिवाय 31 सेंटिमीटरवर लख्ख पाहतो, कसलीही ताकद न लावता. निसर्गाने तिथे एकच, स्वच्छ प्रतिमा दिलेली आहे. कुठलीही मल्टिफोकल लेन्स त्या प्रतिमेची बरोबरी करणार नाही, कारण तिच्यात लांबची प्रतिमाही मिसळलेली असते. त्यात मायनसवाल्याला कॉन्टॅक्ट लेन्समधून वाचताना चष्म्यापेक्षा किंचित जास्त ताकद लावावी लागते. तुमच्या नंबरला हा फरक साधारण पाव डायॉप्टर. प्लस नंबरवाल्यांचं उलट असतं. त्यांना लेन्समध्ये जवळचं जरा सोपं जातं, आणि नुसत्या डोळ्याने त्यांना या वयात जवळचं धड दिसतच नसतं, त्यामुळे लेन्सने जे मिळतं त्यात ते खूश असतात. −2 ते −4 मधली माणसं खूश करायला सगळ्यात अवघड, असा माझा अनुभव आहे, आणि त्यात त्यांचा दोष काही नाही. तेव्हा मल्टिफोकलची तुलना करायचीच तर ती साध्या लेन्स घालून मोबाइल वाचण्याशी करा. नुसत्या डोळ्यांशी नको.

दुसरा संशय डाव्या लेन्सच्या −4.50 वर. −0.50 सिलिंडर इतका लहान असेल तर त्याची निम्मी किंमत मूळ नंबरात मिळवतात: −4.25 मध्ये −0.25 मिळवले की −4.50. इथपर्यंत बरोबर. पण चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण 12 मिलिमीटर दूर असते आणि लेन्स बुबुळावर टेकलेली. नंबर चारच्या वर गेला की हे अंतर हिशेबात घ्यावंच लागतं. ते घेतलं की −4.50 चे −4.27 होतात, म्हणजे लेन्स −4.25 ची. पाव नंबर मायनस जास्त गेला आहे. साध्या लेन्समध्ये तिशीतल्या डोळ्याला हा पाव कळलाही नसता. तुमच्या वयात तो पाव जवळच्या ताकदीतून वजा होतो. एकीकडे हाय ॲड घालायची आणि दुसरीकडे जादा मायनस देऊन तिची धार काढून घ्यायची, असा हा प्रकार झालेला दिसतो.

म्हणून ताज्या तपासणीशिवाय मल्टिफोकलचा विचारच करू नये. जुन्या चष्म्याच्या कागदावरून तर नाहीच. लांबचा नंबर काढताना जितका मायनस कमी देऊन स्पष्ट दिसेल तितकाच द्यायचा आणि ॲडही जितक्या कमीत काम भागेल तितकीच. सिलिंडर 0.75 पर्यंत सांभाळून घेता येतो, पण 0.75 ला माणूस-माणूस पाहून ठरवावं लागतं. 1.00 किंवा जास्त असेल तर साध्या मल्टिफोकलमध्ये हट्टाने बसवू नये. सिलिंडरसकट बनवलेल्या टॉरिक मल्टिफोकल मिळतात, त्या बघाव्यात. तुमचा 0.50 चा आहे, चिंता नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे कोणता डोळा लांबचा मालक आहे, हे तुमच्याकडे कुणी पाहिलं का? हाताच्या त्रिकोणातून लांबची वस्तू बघून एकेक डोळा मिटण्याची चाचणी तुम्हाला ठाऊक असेल, पण लेन्ससाठी मी तिच्यावर फारसा विसंबत नाही. मी करतो ती अशी: लांबचा नंबर पूर्ण घालून, दोन्ही डोळे उघडे ठेवून माणसाला समोरच्या तक्त्याकडे बघायला सांगायचं. मग +1.50 ची सुटी काच आधी उजव्या डोळ्यापुढे धरायची, काढायची, डाव्यापुढे धरायची. एका बाजूला माणूस म्हणतो, ‘हं, जरा पुसट.’ दुसऱ्या बाजूला काच येताच कपाळाला आठी पडते, काही जण डोकंच मागे घेतात. ज्या डोळ्यापुढची काच जास्त खुपते तो लांबचा डोळा. आठी पडायला वेळ लागला किंवा दोन्हीकडे सारखीच पडली तर दोन्ही डोळे बरोबरीचे आहेत असं धरायचं आणि दोघांना सारखीच ॲड द्यायची.

हे कळणं का महत्त्वाचं? पुढची सगळी दुरुस्ती यावर चालते. दोन्ही डोळ्यांत सारखीच लेन्स असायला हवी असा नियम नाही. लांबचं कमी पडत असेल तर मालक डोळ्यात −0.25 वाढवून पाहायचं, तेवढ्याने भागलं नाही तर त्याच डोळ्याची ॲड एक पायरी उतरवायची. जवळचं कमी पडत असेल तर दुसऱ्या डोळ्यात +0.25, नाहीतर त्याची ॲड एक पायरी वर. काही कंपन्या तर दोन डोळ्यांसाठी मुळातच वेगळ्या लेन्स बनवतात. बायोफिनिटी मल्टिफोकलमध्ये डी लेन्सच्या मधोमध लांबचा नंबर असतो, एन लेन्सच्या मधोमध जवळचा. प्रत्येक कंपनीची स्वतःची बसवण्याची पत्रिका असते आणि ती अक्षरशः पाळावी. ‘मला अनुभव आहे’ म्हणून ती बाजूला ठेवणारे व्यावसायिक मी पाहिले आहेत. जास्तीच्या चकरा मग पेशंटला माराव्या लागतात.

तुमच्या जागी मी सुरुवात करेन ती अशी: उजवा −3.25, डावा −4.25, आणि ॲड लो किंवा मीडियम, जी त्या कंपनीच्या पत्रिकेत +1.50 ला सांगितली असेल ती. लेन्स घातल्यावर पंधरा-वीस मिनिटं बाहेर फिरून यायचं, मोबाइल पाहायचा, मगच तपासायचं. तपासणीही नेहमीच्या उजेडात, दोन्ही डोळे उघडे, हातात पाव नंबरची सुटी काच धरून. ते मोठं नंबर काढायचं यंत्र चेहऱ्यापुढे ओढलं आणि खोली अंधारी केली की बाहुली मोठी होते. मग मल्टिफोकल लेन्समधून जे दिसतं ते रोजच्या जगण्यातलं नसतं.

एक डोळा झाकून बघणं बंद करा. जवळपास प्रत्येक जण ते करतो. लेन्स घालून आरशासमोरून उठतो आणि एक डोळा मिटून म्हणतो, ‘याने कमी दिसतंय.’ दिसणारच, कारण एका डोळ्याकडे मुद्दाम थोडं लांबचं आणि दुसऱ्याकडे थोडं जवळचं काम जास्त सोपवलेलं असतं. दोघं मिळून काय दिसतं तेवढंच मोजायचं. तक्त्याची शेवटची ओळ वाचता आली का, यापेक्षा मी वेगळे प्रश्न विचारतो: संगणकावर तासभर बसल्यावर डोकं जड होतं का? मोबाइलवर आलेला मेसेज उभ्या-उभ्या वाचता येतो का? समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा वेळेवर ओळखू येतो का? दिवसातल्या दहांपैकी आठ कामांना चष्मा लागला नाही तर ती लेन्स जमली असं मी मानतो. औषधाच्या वेष्टनावरची बारीक अक्षरं त्या उरलेल्या दोनांत येतात. त्यासाठी +1.00 किंवा +1.25 चा साधा वाचायचा चष्मा वरून लावावा, त्यात कमीपणा नाही.

उजेडाचा खेळ समजून घेतला तर निम्म्या तक्रारींचा उलगडा घरीच होतो. मधोमध जवळचा नंबर असलेली लेन्स घालून भर उन्हात गेलात की बाहुली बारीक होते, तिच्यासमोर फक्त मधला भाग उरतो आणि लांबचं धूसर होतं. लख्ख उन्हात कमी दिसतं हे विचित्र वाटतं, पण गॉगल लावला की बाहुली थोडी उघडते आणि फरक लगेच कळतो. अंधुक खोलीत त्याच्या उलट: बाहुली मोठी होते, जवळच्या भागाचा वाटा घटतो आणि वाचायला त्रास पडतो. तिथे नंबर बदलायला धावू नका, दिवा लावा.

पापणी मिटून उघडल्यावर काय होतं तेही बारकाईने बघा. पापणी उघडताच क्षणभर लख्ख, आणि मग हळूहळू पुसट? मग बहुधा अश्रूंचा थर टिकत नाहीये, किंवा लेन्सवर थर साचलाय, किंवा लेन्स घट्ट बसलीय. पापणी उघडताच पुसट आणि मग स्थिरावल्यावर स्पष्ट? लेन्स सैल आहे, जास्त सरकते आहे. अक्षराच्या एकाच बाजूला सतत सावली असेल तर लेन्स बाहुलीच्या मधोमध बसत नसावी, आणि मग त्या कंपनीचा कुठलाही नंबर देऊन उपयोग होत नाही. कंपनी बदलायची वेळ खरी तेव्हा येते, कारण दुसऱ्या कंपनीच्या लेन्सचा व्यास आणि गोलाई वेगळी असते. हे तुम्ही वर्णन करून सांगितलंत तर समोरच्याचा अर्धा वेळ वाचेल. ‘नीट दिसत नाही’ एवढंच सांगितलंत तर तो नंबरच बदलत बसेल.

पंचेचाळिशीनंतर डोळे कोरडे पडण्याचं प्रमाण वाढतं, रजोनिवृत्तीच्या आसपास स्त्रियांमध्ये जास्तच. संगणकावर नजर लावली की पापण्या कमी मिटतात, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या त्यात भर घालतात. साध्या लेन्समध्ये कोरडेपणा नुसता बोचतो. मल्टिफोकलमध्ये तो थेट नजर बिघडवतो. म्हणून परवडत असेल तर रोज टाकून द्यायच्या लेन्सना माझी पसंती. कोरडेपणा जास्त असेल तर आधी त्याचा उपचार, लेन्स नंतर.

रात्रीच्या गाडीबद्दल मी स्पष्ट बोलतो. पहिले काही दिवस नव्या मल्टिफोकलवर रात्री गाडी चालवू नका. शेजारच्या सीटवर बसून आधी दिवे कसे दिसतात ते पाहा. ॲड उतरवल्यावर वलयं बरीच कमी व्हावीत. तरी उरली तर मालक डोळ्यात साधी, फक्त लांबची लेन्स आणि दुसऱ्यात मल्टिफोकल अशी जोडी करून पाहता येते. तुमच्यासारखी कमी ॲड असताना ही जोडी चांगली चालते आणि रात्री चालवणाऱ्यांना मी ती लवकर सुचवतो. किंवा रात्रीपुरता लेन्सवरून घालायचा हलक्या नंबरचा चष्मा करून घ्यावा. एवढं करूनही समोरच्या दिव्यांनी त्रास होत असेल तर रात्री साध्या लेन्स किंवा चष्माच घालावा.

एक डोळा पूर्ण लांबचा आणि दुसरा पूर्ण जवळचा ठेवायचा, म्हणजे मोनोव्हिजन, हा जुना मार्गही आहे. प्रत्येक डोळ्यात एकच स्वच्छ प्रतिमा, पण खोलीचा अंदाज कमी होतो. ॲड वाढत गेली की दोन डोळ्यांतली दरीही वाढते. सिलिंडर मोठा असणाऱ्यांना किंवा धूसरपणा अजिबात न खपणाऱ्यांना सेमीसॉफ्ट (मऊ लेन्सपेक्षा कडक) मल्टिफोकल आहेत. त्यातल्या एका प्रकारात खाली पाहिल्यावर खालची पापणी लेन्सला वर ढकलते आणि जवळचा भाग बाहुलीपुढे येतो, अगदी बायफोकल चष्म्यासारखं. नजर उत्तम, पण सवय व्हायला वेळ लागतो आणि मऊ लेन्सला सरावलेले लोक पहिल्याच दिवशी कंटाळतात. बाहुली बारीक करून जवळचं दाखवणारे पायलोकार्पिनचे थेंब अमेरिकेत 2021 मध्ये मंजूर झाले, त्यांच्याबद्दलही हल्ली बरेच जण विचारतात. मायनस नंबरवाल्यांनी रेटिना तपासल्याशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये.

लेन्सचा नंबर सारखा बदलूनही नजर जुळत नसेल तर दोष लेन्सचा नसेलही. सुरुवातीचा मोतीबिंदू, पडद्याच्या मध्यभागाचा आजार, लहानपणापासून कमजोर राहिलेला डोळा, वरखाली होणारी साखर: यांपैकी काहीही असलं तरी मल्टिफोकल जमत नाही. तुमच्यासारख्या मायनस नंबरला काचबिंदू आणि पडदा सुटण्याचा धोकाही इतरांपेक्षा जास्त, म्हणून डोळ्याचा दाब आणि बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी करून घ्या. अचानक चमका, काळे ठिपके किंवा कडेने पडदा सरकल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठायचे. लाल, दुखरा, उजेड न सोसणारा डोळा असेल तर लेन्स आधी काढायची आणि त्याच दिवशी दाखवायचं. वीस वर्षं वापरणाऱ्यांच्या सवयी नव्यांपेक्षा सैल झालेल्या असतात, म्हणून सांगतो: लेन्सला नळाचं पाणी लागू द्यायचं नाही, आंघोळीतही नाही. पाण्यातल्या अकँथअमिबा नावाच्या सूक्ष्मजीवाचा संसर्ग वाईट असतो, त्यातून नजर जाऊ शकते.

बदललेल्या लेन्सना एक ते दोन आठवडे द्या, आणि त्या काळात रोज घाला. एक दिवस लेन्स, एक दिवस चष्मा केलंत तर सवय होतच नाही. एक-दोन दुरुस्त्या लागणं नेहमीचं आहे. दोन वेगळ्या रचना, प्रत्येकीत एकदा-दोनदा दुरुस्ती, इतकं करूनही मन लागत नसेल तर साध्या लेन्स आणि वरून वाचायचा चष्मा याकडे परत जावं. सुरुवातीला फक्त ट्रायल लेन्स मागा, आणि जमल्या तरी वर्षाचे डबे एकदम भरून ठेवू नका. पन्नाशीच्या आसपास तुमची ॲड +2.00 च्या घरात जाईल आणि तेव्हा ही सगळी जोडणी पुन्हा करावी लागेल.